तालमीच्या पोरांनो, बाटली फुटायच्या आधी उचला

कोल्हापुरातल्या सर्व तालीम मंडळांचे अध्यक्ष, वस्ताद, कार्यकर्ते आणि पोरं यांना,

सप्रेम नमस्कार.

मी शिवाजी पेठेत राहतो. एकतीस वर्षं फौंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून ओतायच्या कारखान्यात, भट्टीवर काढली, आता निवृत्त आहे. हे पत्र महापालिकेला लिहा, असं घरात सगळ्यांचं म्हणणं पडलं. मी मुद्दाम तुम्हाला लिहितोय. ज्या कामाबद्दल बोलायचंय ते गल्लीच्या तोंडाशी करायचं काम आहे, आणि कोल्हापुरात गल्लीच्या तोंडाशी तालीम असते.

काम आहे काचेच्या रिकाम्या बाटल्या आणि बरण्या गोळा करण्याचं.

आमच्याकडं घंटागाडी सकाळी साडेसाताच्या सुमारास येते. गाडीबरोबर एक ताई असतात. गेल्या पावसाळ्यात एके दिवशी मी घरची पिशवी त्यांच्या हातात दिली आणि वळलो, तर मागून "आई गं" ऐकू आलं. पिशवी फाडून काचेचा लांब तुकडा बाहेर आला होता आणि त्यांच्या अंगठ्याच्या बुडाशी घुसला होता. आदल्या रात्री जामची बरणी नातवाच्या हातून ओट्यावरून पडली होती. आम्ही तुकडे गोळा केले, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि टाकले. गुंडाळलं म्हणजे काळजी घेतली, असं आम्हाला वाटलं. ताईंनी तुकडा स्वतःच उपसला आणि पदराच्या टोकानं अंगठा आवळला. सूनबाई हळद घेऊन धावली. मी म्हटलं, दवाखान्यात जाऊया. त्या म्हणाल्या, "अजून तीन गल्ल्या राहिल्यात काका. काच दिसत न्हाई, लागल्यावरच कळती." आणि गाडीमागं चालू लागल्या. हातात मोजे होते, पण कापडी. त्यातून सुईसुद्धा आरपार जाईल.

ती बरणी आमच्या घरची होती. माझी झोप त्या रात्री उडाली ती त्यामुळं.

दुसऱ्या दिवसापासून जिन्याखाली एक पोतं लावलं आणि घरातली काच त्यात टाकू लागलो. सॉसची बाटली, कॉफीची बरणी, मधाची बाटली, नातवाच्या टॉनिकची तपकिरी बाटली. शेजाऱ्यांना कळलं तसं तेही आणून देऊ लागले. दोन पोती भरल्यावर गल्लीत येणाऱ्या भंगारवाल्याला हाक मारली. त्यानं पोत्यात डोकावलं आणि मान हलवली. "पत्रा द्या, पुठ्ठा द्या, रद्दी द्या. बाटली नको. वजनाला मरणाची, गाडीत फुटती, आणि किलोमागं सुटतो रुपया-दोन रुपये."

त्याचं काही चुकलं नव्हतं. बिअरची मोठी बाटली काट्यावर ठेवून बघा, अर्ध्या किलोच्या आसपास भरते. हातगाडीवर अशा शंभर बाटल्या घातल्या की पन्नास किलो झाले. त्यात चढ, त्यात खड्डे, आणि हाती पडणार शंभर रुपये. त्याच जागेत तांब्याची वायर किंवा पुठ्ठा बसला तर त्याच्या पोरांची फी निघते. तो काच का उचलेल?

मग मी स्वतः मोठ्या भंगार व्यापाऱ्याकडं जाऊन बसलो. फौंड्रीत असताना स्क्रॅपच्या खरेदीवरून त्याची ओळख होती. त्यानं सरळ हिशोब सांगितला. "काका, दोन पोत्यासाठी माझा टेम्पो हलत नाही. टेम्पोभर होऊ दे, रंग वेगळे करा, आत चिनीमाती नको, मी येतो." सगळी मेख एवढीच आहे. काचेला गिऱ्हाईक आहे. तीन बाटल्यांना गिऱ्हाईक नाही, तीन हजारांना आहे. तीनाच्या तीन हजार होईपर्यंत त्या न फोडता, न मिसळता कुठंतरी ठेवायला जागा लागते, लक्ष ठेवायला माणसं लागतात. सामान्य घरात ही जागा नाही. माझ्या जिन्याखाली आता अकरा पोती झालीत आणि सूनबाईला सायकल काढता येत नाही.

म्हणून तालीम.

आता भट्टीवरचा माणूस म्हणून चार गोष्टी सांगतो, कारण "काच गोळा करून काय होणार" असं मला पाच-सहा जणांनी तोंडावर विचारलंय.

फौंड्र्यांच्या उद्यमनगरातल्या, शिरोलीतल्या माणसाला भंगाराची किंमत शिकवावी लागत नाही. आमच्या भट्टीत नव्या बिडाबरोबर, म्हणजे ओतीव लोखंडाबरोबर, जुनं बीड पडतंच. फुटकं चाक, गंजलेला पंप, मोडकं मशीन, सगळं वितळून नवं कास्टिंग होऊन बाहेर पडतं. काचेचं तसंच आहे, किंबहुना काच त्याहून सरस आहे. कागद दोन-चार वेळा परत लगदा केला की त्याचे धागे तुटतात, प्लॅस्टिकचा दर्जा प्रत्येक खेपेला उतरतो. काच कितीही वेळा वितळवा, तिचा कस जात नाही. बाटलीची पुन्हा बाटलीच होते.

काच बनते वाळू, सोडा ॲश आणि चुनखडीपासून. बीड बाराशे अंशांच्या आसपास पाणी होतं. काचेची भट्टी पंधराशे अंशांवर चालते, आणि ती रात्रंदिवस, वर्षानुवर्षं चालू ठेवावी लागते, थंड झाली तर तिच्या विटाच तडकतात. आता बघा, त्या भट्टीत वाळूबरोबर फुटकी काच घातली तर ती लवकर वितळते आणि बाकीच्यालाही ओढून घेते. दर १० टक्के काचेमागं अडीच-तीन टक्के इंधन वाचतं. शिवाय चुनखडी आणि सोडा तापले की त्यातून कर्बवायू सुटतो. आम्हीही कपोल्यात, म्हणजे बीड वितळवायच्या उभ्या भट्टीत, चुनखडी टाकायचो, तेव्हा ही गंमत ठाऊक आहे. जुन्या काचेतून तो वायू पहिल्याच खेपेला निघून गेलेला असतो. म्हणून एक टन जुनी काच घातली की जवळजवळ १,२०० किलो कच्चा माल वाचतो. तेवढी वाळू कुठल्यातरी नदीकाठावरून किंवा डोंगरातून उपसायची राहते.

आणि बिअरच्या अख्ख्या बाटलीला तर वितळवायचीही गरज नसते. ती कारखान्यात परत जाते, गरम कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात धुतात, तोंडाला टवका उडालाय का, तडा गेलाय का हे बघतात, आणि पुन्हा भरतात. एकच बाटली अशी कितीतरी वेळा फिरते. तोंडाचा एक टवका उडाला की मात्र तिचं ते आयुष्य संपलं. म्हणून शीर्षकातच लिहिलंय, फुटायच्या आधी उचला.

माझ्या वयाच्या लोकांना आठवत असेल, आपल्याकडं काच रस्त्यावर दिसायचीच नाही. गोटी सोड्याची बाटली दुकानदार नजरेआड होऊ द्यायचा नाही. तिथंच उभं राहून प्यायचं, बाटली ठेवायची आणि जायचं. थंड पेयाची बाटली घरी न्यायची तर डिपॉझिट ठेवावं लागायचं, आणि ते चार आणे-आठ आणे परत मिळावेत म्हणून आम्ही पोरं बाटली काखेत धरून पळत जायचो. गंगावेशीत कट्ट्यावर धारोष्ण दूध पिणारा आजही ग्लास तिथंच ठेवून जातो. बाटली परत करणं ही आपल्याला बाहेरून शिकायची गोष्ट नव्हती. मोडलेली सवय आहे ती.

दुसरी एक आठवण मला या निमित्तानं सारखी येते. अंताजी दामोदर काळे नावाच्या माणसानं लोकांकडून एकेक पैसा गोळा करायचा ध्यास घेतला. लोकमान्यांनी पाठबळ दिलं आणि त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाड्याला काचेचा कारखाना उभा राहिला. एकेक पैसा! पुढं १९१६ साली आपल्या शेजारी कराडला ओगले बंधूंनी काच कारखाना काढला. त्यांचा प्रभाकर कंदील आमच्या आजीच्या घरी होता. त्याची काच पुसायचं काम माझ्याकडं होतं, आतून राखेनं आणि बाहेरून फडक्यानं. तो कारखाना कधीच बंद पडला, नाव मात्र ओगलेवाडी म्हणून राहिलं. कोल्हापूरहून पुण्याला रेल्वेनं जाताना मी अजून त्या बाजूला बघतो. एकेक पैसा मागून आपल्या माणसांनी काचेची भट्टी पेटवली होती. मी घरटी एक रिकामी बाटली मागतोय.

आता त्या प्रश्नाकडं येतो जो तुमच्या मनात पत्र वाचायला लागल्यापासून आला असेल.

माझ्या पेठेतल्या एका वस्तादांना मी ही कल्पना सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तालमीत मारुती आहे. तिथं दारूच्या बाटल्या ठेवायच्या? पोरं लंगोट बांधून जोर मारणार आणि बाजूला क्वार्टरचा ढीग?" मला उत्तर सुचलं नाही. दोन दिवस मी त्यावर विचार केला, कारण त्यांचं म्हणणं झटकून टाकण्यासारखं नाही. मीही पंचवीस वर्षांचा होईपर्यंत कुस्तीच्या हौद्यात उतरलोय. तालमीत शिरताना चप्पल कुठं काढायची हे मला कुणी सांगायला लागत नाही.

दोन दिवसांनी पुन्हा गेलो आणि एवढंच विचारलं, "वस्ताद, हौद्यातली माती किती वेळा चाळता?" त्यांना कळलं मी कुठं निघालोय. हौद्याची लाल माती तुम्ही चाळणीनं चाळता, तेल, ताक, हळद, लिंबू घालून मळता, खडा सापडला तर उचलून बाहेर टाकता. पैलवानाच्या पाठीला ओरखडा येऊ नये म्हणून. हौद्याच्या भिंतीबाहेर दहा पावलांवर गटारीत फुटकी बाटली पडलेली असते आणि तिथून तीच पोरं अनवाणी जातात. बाटल्या गल्लीत आहेतच, आपण नको म्हटलं तरी आहेत. त्या देवाच्या खोलीत ठेवा असं मी म्हणतच नाही. मागच्या भिंतीला लागून पत्र्याची शेड, कुलूपवाली, पावसाचं पाणी आत न येणारी. वस्ताद म्हणाले, बघू. त्यांनी नको म्हटलं नाही, याला मी मोठी गोष्ट समजतो.

यातली अवघड बाजू मला जिन्याखालच्या पोत्यानं शिकवली. सॉसच्या बाटल्या लोक दिवसा, हसत आणून देतात. दारूच्या बाटल्या रात्री दहानंतर येतात, काळ्या पिशवीत, दारात ठेवून, बेल न वाजवता. माणसाला लाज वाटते. आणि हीच लाज बाटली फोडते, ऐका माझं. घरच्या कचऱ्यात दिसू नये म्हणून माणूस बाटली गाडीवरून नेतो आणि जयंती नाल्यात भिरकावतो, रंकाळ्याच्या कडेला झुडपात टाकतो, नाहीतर पन्हाळ्याच्या वाटेवर कुणाच्यातरी उसात. गटारी अमावस्येच्या आणि एकतीस डिसेंबरच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला जाऊन बघा. ऊसतोडीला आलेल्या बाईच्या पायात ती काच कधी जाईल हे त्याच्या ध्यानीमनीही नसतं.

म्हणून तुम्ही हे काम हाती घेतलंत तर एक नियम सगळ्यात आधी करा: बाटली कुणाची, हे विचारायचं नाही. कुजबुज नाही, टोमणा नाही, मोबाइलवर फोटो नाही. शेडच्या दाराला बाहेरून हात घालता येईल अशी खिडकी ठेवा, खाली वाळूची पोती टाका म्हणजे पडून फुटणार नाही. दारू सोडवायचं काम वेगळं आहे, ते तुम्ही करताच. दोन्ही कामं एका खिडकीवर करायला गेलात तर एकही होणार नाही.

बाकी व्यवस्था फार नाही. तीन रंगांच्या काचेची तीन पिंपं: पांढरी म्हणजे बिनरंगी, तपकिरी, हिरवी. रंग वेगळे यासाठी की पांढऱ्या काचेत हिरवी मिसळली तर पुन्हा पांढरी बाटली होत नाही. बिअरच्या अख्ख्या बाटल्या क्रेटमध्ये उभ्या. बाटली पाण्यानं एकदा विसळलेली असावी, नाहीतर मुंग्या आणि माश्या होतात. झाकण काढून पत्र्यात टाका, त्याचेही पैसे येतात. कागदी लेबल राहिलं तरी भट्टीत जळतं, त्याची चिंता नको. महागड्या दारूच्या बाटलीचं मात्र लेबल फाडा आणि ती ओळखीच्या व्यापाऱ्यालाच द्या. अशा रिकाम्या बाटलीला कुणी दारात येऊन जादा पैसे देत असेल तर त्यात उद्या काय भरलं जाणार हे ओळखा.

काय घ्यायचं नाही ते मात्र पाठ करा, कारण इथं चूक झाली तर सगळा टेम्पो परत येतो. चहाचा कप, बशी, लोणच्याची चिनीमातीची बरणी यांतलं काहीही नको. बिडाच्या भट्टीत शिसं गेलं तर आम्ही कपाळाला हात लावायचो, तसंच हे. चिनीमाती काचेच्या भट्टीत वितळत नाही. तिचा खडा नव्या बाटलीच्या अंगात तसाच राहतो आणि बाटली त्याच जागी फुटते. आरसा, खिडकीचं तावदान, ओव्हनमध्ये चालणारी काचेची भांडी यांची काच वेगळ्या घडणीची, तीही नको. ट्यूबलाइटला तर हातच लावू नका, आत पारा असतो. इंजेक्शनच्या कुप्या दवाखान्याच्या कचऱ्यात जायला हव्यात.

पैशाचं म्हणाल तर फार मिळणार नाही, आणि जे मिळेल ते मंडळाच्या वर्गणीत जमा करू नका, ही हात जोडून विनंती आहे. कचरा वेचणाऱ्या बायका आज यातल्या थोड्याफार बाटल्या विकून पोट भरतात. तालमीनं शेड काढली आणि त्यांच्या ताटातली भाकरी गेली असं व्हायला नको. तुमच्या भागात जी बाई बाटल्या वेचते तिलाच रंग निवडायच्या कामावर बसवा, विक्रीचे पैसे तिचे. शिल्लक राहिलंच तर घंटागाडीवरच्या माणसांना चामड्याचे जाड मोजे घ्या. भट्टीवर आम्ही वापरायचो तसे, उद्यमनगरात मिळतात.

सरकारनं काही करू नये असं माझं म्हणणं नाही. तमिळनाडूत निलगिरीच्या डोंगरात फुटक्या बाटल्यांनी हत्तींचे पाय चिरले जायला लागले, तेव्हा मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशावरून २०२२ साली तिथं दारूच्या बाटलीमागं १० रुपये जादा घेऊन रिकामी आणली की ते परत द्यायला सुरुवात झाली. आपल्या लहानपणीचं डिपॉझिटच ते. आपल्याकडंही ते यावं. २०१६ च्या घनकचरा नियमांतही लिहिलं होतं की काच, पत्रा, प्लॅस्टिकच्या वेष्टनात माल विकणाऱ्या कंपन्यांनी कचरा व्यवस्थेसाठी स्थानिक संस्थेला पैशाची मदत करावी. ते मागायचं तर मागं माणसं लागतात, आणि कोल्हापुरात माणसं कुणाच्या हाकेवर जमतात हे मी तुम्हाला सांगायला नको.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात माझ्या बहिणीचं उत्तरेश्वर पेठेतलं घर पाण्याखाली गेलं. पाणी ओसरल्यावर पहिल्या दिवशी कोण आलं? जवळच्या तालमीची पोरं, फावडी घेऊन. गुडघाभर चिखल त्यांनी घमेल्यानं बाहेर काढला. त्यातल्या एकाच्या तळव्यात चिखलातली बाटलीची काच गेली. चार टाके पडले. टाके घालून तो संध्याकाळी परत आला आणि ओट्यावर बसून दुसऱ्यांना घमेली पुढं करत राहिला. विसर्जनाच्या दिवशी मूर्ती दान करायला लोकांना वळवणारी, नदीत जाणारं निर्माल्य काठावर अडवणारी हीच पोरं. लोकांच्या श्रद्धेला हात न लावता सवय बदलता येते, हे या शहरात तुम्हीच करून दाखवलंय. फुटबॉलच्या मोसमात शाहू स्टेडियमवर एकमेकांशी ईर्ष्या करता, तशी यात करा. कुठल्या तालमीनं आधी टेम्पो भरला, बघू दे पेठेला.

माझी अकरा पोती जिन्याखाली आहेत. रंग वेगळे केलेत, झाकणं काढलीत, आत चिनीमातीचा तुकडा नाही, ही माझी हमी. व्यापाऱ्याशी बोलून ठेवलंय, दोन-तीन ठिकाणची मिळून गाडी भरली की तो टेम्पो पाठवणार आहे. ज्या तालमीला सुरुवात करायची असेल तिनं ही पोती घेऊन जावीत, म्हणजे पिंपं पहिल्याच दिवशी रिकामी दिसणार नाहीत. रंग ओळखायला आणि खडा शोधायला मी रोज संध्याकाळी पाच ते सात येऊन बसेन. डोळे अजून चांगले आहेत.

त्या ताईंच्या अंगठ्यावर वण राहिलाय. काल पिशवी देताना मी सवयीनं सांगितलं, "काच नाही ताई." त्या म्हणाल्या, "तुमच्यात नसती आता. पुढच्या गल्लीत असती."

आपला,
शिवाजी पेठेतला एक निवृत्त फौंड्री कामगार